हुरड्यात गोठलेला मका: ओहायो नदीकाठच्या नव्या वस्तीतल्या एका घराचं १७८९-९० चं वर्ष

१७९० च्या मे-जूनमध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या मॅरिएटा आणि बेल्प्रे या नव्या वस्त्यांमधली माणसं नेटलची खाजरी पानं आणि घोळीची भाजी उकडून दिवस काढत होती. सभोवती जंगल होतं, नदी होती, आणि ज्या कंपनीमार्फत ही माणसं इथे आली तिच्या एका भागामागे (शेअरमागे) हजाराहून अधिक एकर जमीन मिळायची होती. एवढ्या जमिनीवर भूक कशी आली, ती टाळता येण्यासारखी होती का, आणि कोणत्या दिवशी कोणता निर्णय फिरवायला हवा होता, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

प्रकरणातलं कुटुंब प्रातिनिधिक आहे. १७८९ च्या वसंतात मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या अनेक घरांची परिस्थिती एका घरात एकवटली आहे आणि घराला नाव दिलेलं नाही. घटना, तारखा आणि भाव त्या वस्तीचे आहेत. घरापुरता धान्याचा हिशेब आम्ही मांडला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या क्रांतियुद्धात लढलेल्या अधिकाऱ्यांना आणि शिपायांना पगाराच्या जागी सरकारी रोखे मिळाले होते, आणि बाजारात त्या रोख्यांची किंमत पार घसरली होती. ते देऊन पश्चिमेची जमीन घ्यायची, या विचारानं मार्च १७८६ मध्ये बॉस्टनच्या एका खानावळीत ओहायो कंपनी स्थापन झाली. एका भागाची किंमत १००० डॉलरचे रोखे आणि वर १० डॉलरचं सोन्याचांदीचं नाणं. ऑक्टोबर १७८७ मध्ये काँग्रेसशी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेशी, पंधरा लाख एकरांचा करार झाला.

एका भागाला मिळणारी जमीन सलग नव्हती. पुढच्या काही वर्षांत ती तुकड्यातुकड्यानं वाटली गेली: गावालगत ८ एकर, आणखी ३ एकर, गावठाणात साधारण ९० बाय १८० फुटांची घरजागा, मग १६०, १००, ६४० आणि २६२ एकर. बेरीज ११७३ एकरांच्या वर जाते. कागदावर हा आकडा भरघोस दिसतो, पण त्यातली कसलेली जमीन शून्य होती. हे सगळं ओक, बीच, मॅपल आणि ट्यूलिप पॉप्लरचं जुनं जंगल, कित्येक झाडं दोन माणसांच्या कवेत न मावणारी.

पहिली ४८ माणसं रुफस पटनम यांच्या नेतृत्वाखाली ७ एप्रिल १७८८ रोजी मस्किंगम नदी ओहायोला मिळते तिथे उतरली. तेच मॅरिएटा. कंपनीनं प्रत्येकाला काय आणायचं ते ठरवून दिलं होतं: बंदूक आणि संगीन, सहा चकमकी, अर्धा पौंड दारू, एक पौंड गोळ्या, एक पौंड छर्रे, एक कुऱ्हाड, एक खुरपणीचं फावडं. सामानाचं ओझं माणशी ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो. त्या पहिल्या हंगामात त्यांनी सुमारे १३० एकरांत मका लावला. हे काम थोर होतं. त्याच वर्षी त्यांनी कॅम्पस मार्टियस नावाची १८० फूट लांबीरुंदीची चौकोनी गढीही बांधायला घेतली. चार कोपऱ्यांत चार बुरूजघरं आणि मधल्या भिंती म्हणजे चार-चार इंच जाडीच्या फळ्यांची घरं. ती पुरी व्हायला १७९१ उजाडलं.

ज्या जमिनीवर हे चाललं होतं तिच्यावर शॉनी, डेलावेअर (ते स्वतःला लेनापे म्हणतात), वायंडॉट, मायामी या मूळनिवासी राष्ट्रांचा हक्क होता. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहानं ओहायो नदी ही सरहद्द ठरली होती आणि नदीच्या उत्तरेला गोऱ्यांनी येऊ नये, हेच त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं कायम राहिलं. जानेवारी १७८९ मध्ये मॅरिएटासमोरच्या फोर्ट हार्मर या लष्करी ठाण्याशी नवा तह झाला, पण अनेक गटांनी तो मानला नाही. आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मार्च १७८२ मध्ये याच मस्किंगमच्या वरच्या अंगाला, टस्करावस नदीवरच्या ग्नाडेनहुटेन इथे, पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियानं (नागरिकांच्या हत्यारबंद दलानं) ९६ निःशस्त्र ख्रिस्ती डेलावेअर माणसं, बायका आणि मुलं मारली. शेतात उभा राहिलेला आपला मका काढायला ती माणसं उपाशीपोटी परत आली होती. मक्याशी निगडित सगळं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्या शेजाऱ्यांशी असलेला विश्वास वस्ती व्हायच्या सहा वर्षं आधीच तुटला होता. पुढे या प्रकरणात त्याची किंमत दिसते.

आपलं कुटुंब सात तोंडांचं: नवराबायको, सतरा वर्षांचा मुलगा आणि चार लहानगी. बैलगाडीनं ॲलेगेनीचे डोंगर ओलांडून सात-आठ आठवड्यांनी ती नदीला लागली आणि बोटीनं खाली आली. १७८९ च्या एप्रिलात मॅरिएटाच्या खाली डझनभर मैलांवर बेल्प्रेची वस्ती सुरू झाली. हे कुटुंब तिथे गेलं.

अडचण

१७८९ चा मका उशिरा पेरला गेला आणि त्या वर्षी शरदात दव लवकर गोठलं. कणसं हुरड्यात होती. हुरड्यातला दाणा खायला गोड आणि साठवायला नालायक असतो, कारण त्यात चारातले तीन हिस्से पाणी असतं. पाला आणि ताट गोठून वाळलं, त्यामुळे कणीसही वाळल्यासारखं दिसू लागलं. लोकांनी ते काढून कणगीत भरलं. वसंतात ऊब आली तशी बुरशी धरली. तो मका खाल्लेल्या माणसांना उलट्या होऊ लागल्या, जनावरंही आजारली. मे १७९० पर्यंत खाण्याजोगा मका संपला. बुशेलचा भाव ५० सेंटांवरून दीड-दोन डॉलरवर गेला.

बुशेल हे घनमाप आहे. सोललेल्या मक्याचं एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, आपल्याकडच्या हिशेबात २५ किलोच्या किंचित वर. मोठ्या माणसाला आठवड्याला पाव बुशेल लागतं, म्हणजे वर्षाला १३. आपल्या घरात तीन मोठे आणि चार अर्धे: वर्षाला ६५ बुशेल, म्हणजे साडेसोळा क्विंटल. कणसं खुडल्यापासून पुढच्या जुलैत शेतातलं हिरवं काही हाती येईपर्यंत नऊ महिने जातात. त्यासाठी ४९ बुशेल.

झाडं वठवून केलेल्या चार एकरांत पंचवीस बुशेलचा उतारा धरला तर १०० बुशेल यायला हवे होते: घराचं भागून गायीला, डुकरांना आणि बियाण्याला. दाणा चिकात असताना ताट मेलं तर वजन निम्म्यावर येतं. उरले ५०. त्यातलं निम्मं साठवणीत कुजलं. उरले २५. म्हणजे जेमतेम चार-साडेचार महिन्यांचं धान्य. नोव्हेंबरात खायला सुरुवात केली तर मार्चमध्ये तळ दिसतो, हात आखडला तर एप्रिलअखेर.

तुटीचे हे २४-२५ बुशेल ५० सेंटांनी घेतले तर साडेबारा डॉलर लागतात. दोन डॉलरनी पन्नास. कंपनीनं पहिल्या तुकडीतल्या मजुरांना महिना चार डॉलर दिले होते. साडेबारा डॉलर म्हणजे तीन महिन्यांची मजुरी आणि पन्नास म्हणजे वर्षभराची. भूक हवामानानं आणली असली तरी घराला ती परवडेनाशी केली भावानं, आणि भाव चढेपर्यंत खरेदी लांबली ती नदीच्या वेळापत्रकामुळे. त्याकडे पुढे येऊ.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय एप्रिलातला: कुठे राहायचं. मॅरिएटाला आदल्या वर्षी साफ केलेली शेतं होती, तिथे कोणाच्या तरी वाट्यात एक हंगाम कसता आला असता. नवं रान तोडावं लागलं नसतं आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी झाली असती. दुसरा मार्ग, बायको-मुलांना पूर्वेलाच ठेवून बापलेकांनी आधी येऊन रान तयार करायचं. त्यात एक वर्ष जातं, पण रिकाम्या शेतावर सात तोंडं येत नाहीत. तिसरा, सगळ्यांनी मिळून थेट नव्या जागी जायचं. कुटुंबानं तिसरा निवडला. कारण समजण्यासारखं आहे: पूर्वेतलं घर विकूनच भाग घेतला होता, मागे ठेवायला छप्पर नव्हतं. शिवाय प्रत्यक्ष जाऊन बसल्याशिवाय तुकडा हातात राहील याची खात्री वाटत नव्हती.

दुसरा निर्णय मेमधला: आधी घर की आधी शेत. ओंडक्यांचं सोळा बाय अठरा फुटांचं खोपट दोन माणसं आणि शेजाऱ्यांची मदत मिळून दहा-बारा दिवसांत उभं करतात. पण ओंडक्यांमधल्या फटी लाकडाच्या चिपा आणि मातीनं बुजवणं, धुराडं बांधणं, छपराच्या फळ्या चिरणं यात आणखी तितकेच दिवस जातात. एक एकर जंगल मुळापासून साफ करायचं, म्हणजे तोडणं, ओढणं, जाळणं, तर एका माणसाचा जवळजवळ महिना जातो. म्हणून सगळेच जण झाडं वठवत. खोडाभोवती कुऱ्हाडीनं सालीचा पट्टा काढायचा, खालच्या पांढऱ्या लाकडापर्यंत. पान झडतं, ऊन जमिनीवर पोचतं, आणि उभ्या मेलेल्या झाडांमध्ये फावड्यानं खड्डे करून मका टोकायचा. पण याला वेळेचं एक बंधन आहे. साल काढलेलं मोठं झाड लगेच पान टाकत नाही. हिवाळ्यात साल काढली तर वसंतात पालवी नीट येत नाही. मेमध्ये काढली तर त्या उन्हाळ्यातही सावली बरीच राहते. सावलीतला मका रेंगाळतो. उशिराची पेरणी आणि सावली, दोन्हींनी मिळून कणसं दवाच्या तारखेपुढे ढकलली.

तिसरा निर्णय जूनमधला, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा: उशीर झालाच आहे तर काय पेरायचं. उशिरा पिकणाऱ्या मक्याला १२० ते १४० दिवस लागतात. १० जूनला टोकलेला असा मका ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्याशिवाय पिकत नाही, आणि या खोऱ्यात पहिलं दव साधारण त्याच सुमारास गोठतं. पंधरवडा आधी गोठलं की संपलं. लवकर पिकणाऱ्या टणक दाण्याच्या जाती ९० ते १०० दिवसांत येतात. त्यांचा उतारा कमी असतो, पण जूनच्या पेरणीत त्या सप्टेंबरअखेर कडक होतात. बकव्हीट (कुट्टू) सत्तर-ऐंशी दिवसांत हाती येतं आणि जुलैत पेरता येतं. सलगम साठ दिवसांचा, ऑगस्टच्या सुरुवातीला मुठीनं फेकला तरी चालतो. चारही एकरांत एकच वाण टाकणं हा जुगार होता, आणि बियाणं जवळ तेवढंच होतं म्हणून तो खेळला गेला.

प्रत्यक्ष काय घडलं

घर आणि शेत दोन्ही एकदम हाती घेतली गेली. बाप ओंडके तासत होता, मुलगा साल काढत होता, आई आणि लहानगी झुडपं उपटून जाळत होती. पेरणी तुकड्यातुकड्यानं होत जूनच्या मध्यापर्यंत गेली. आठवड्यातले काही दिवस सामाईक कामांना द्यावे लागत: वाट पाडणं, पहारा, मोजणीदारांना हात देणं.

दव पडलं त्या सकाळी शेतात तीन प्रकारची कणसं होती. सगळ्यात आधी टोकलेल्या पट्ट्यातली कडक, मधली चिकात, शेवटची पार दुधात. ती तिन्ही पुढच्या काही आठवड्यांत एकत्रच काढली आणि एकत्रच भरली. माझ्या वाचनात या सगळ्या वर्षातली सर्वांत सहज टाळता आली असती अशी चूक ती हीच. कडक कणसांना ओल्या कणसांचं पाणी लागलं. ओळखायची खूण सोपी आहे: कणीस दोन्ही हातांत धरून पिळायचं. सुकलेला बुरखुंडा, म्हणजे दाण्यांच्या आतला दांडा, कट्कन मोडतो, ओला नुसता पिळवटतो. दाण्यावर नख दाबून पाहायचं. खूण उमटली तर तो कणगीत जाऊ नये. सालपट बाहेरून कुरकुरीत झालं होतं म्हणून कोणी आत पाहिलं नाही.

साठवणीची जागाही चुकली. मका खोपटाच्या माळ्यावर आणि कोपऱ्यात ढीग घालून ठेवला. ओल्या हवेत कणसांना फटी ठेवलेल्या, तीन-चार फुटांपेक्षा रुंद नसलेल्या उंच पिंजऱ्यात ठेवावं लागतं, म्हणजे वारा आरपार जातो. ढिगाच्या पोटात ऊब धरते. थंडीत बुरशी गप्प असते, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक वाटलं. मार्च-एप्रिलात दाण्यावर गुलाबी-पांढरी पूड दिसू लागली. उलट्या, आणि डुकरांनी मका नाकारणं, ही लक्षणं आज फ्युजेरियम बुरशीच्या विषाशी जुळतात. ते विष उकळून किंवा भाजून जात नाही. भाकर करून खाल्ली म्हणून फरक पडत नव्हता, आणि उपाशी माणसं तीच भाकर पुन्हा करत होती.

जानेवारीत मॅरिएटाला बोटीतून आलेल्या आजारी माणसाबरोबर देवी आल्या. तेव्हा लस नव्हती. रोग्याच्या फोडातला पू निरोग्याला टोचत असत, आणि टोचलेला माणूस दोन-तीन आठवडे कामातून जाई. काही जण दगावले. ऐन रान तोडण्याच्या दिवसांत हात कमी झाले.

शिकारीचा भरवसाही फसला. वस्तीच्या भोवतीची हरणं आदल्या दोन वर्षांत विरळ झाली होती, आणि दूर जाण्यात जिवाला धोका होता. बेल्प्रेच्या घरांत जनावरं मोजकी. गाय मारावी तर दूध जातं, आणि लहान मुलं त्या दुधावरच होती. कुटुंबानं गाय राखली. हा निर्णय बरोबर होता. दूध, उकडलेली पानं आणि नदीतले मासे यांवर चार लहानगी तगली.

मे महिन्यात आईनं धान्य मोजून शिजवायला सुरुवात केली: आधी मुलांना, मग मोठ्यांना, दिवसातून एकदा. उखळ म्हणजे जळून पोकळ केलेला ओकचा बुंधा. त्यात मका कुटायचा, चाळायचा, भरड उकळायची. नेटल कोवळी असतानाच, फुलं येण्याआधी, खुडायची. उकळली की तिची आग जाते. बटाटे लावायला ठेवले होते त्यांच्या साली जाड काढून त्या साली डोळ्यांसकट लावल्या आणि गर खाल्ला. हे सगळं मे, जून आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत चाललं.

मदत दोन ठिकाणांहून आली. कंपनीनं गरजू घरांना छोटी कर्जं दिली. दुसरी मदत नदीपलीकडून, व्हर्जिनियाच्या काठावरून. तिथे आयझॅक विल्यम्स १७८७ पासून राहत होते. त्यांचं रान आधीच साफ झालेलं होतं, मका लवकर पेरलेला होता आणि दवाआधी पिकला होता. सट्टेबाज त्यांच्याकडे चढ्या भावानं सगळा साठा मागत होते. त्यांनी तो दिला नाही. उपाशी घरांना जुन्या भावानं, ५० सेंटांनी, घरातली तोंडं मोजून दिला. त्या भावानं आपल्या कुटुंबाला आठ-दहा बुशेल घेता येणं शक्य होतं. बाजारभावानं दोन-तीनच आले असते. एकाच खोऱ्यात, एकाच हवेत, एक शेत पिकलं आणि बाकीची शेतं गोठली. फरक पेरणीच्या तारखेचा होता.

निष्पत्ती

जुलैत कोवळा भोपळा आणि शेंगा आल्या, मग हिरवी कणसं. १७९० चं पीक चांगलं झालं. झाडं आता पूर्ण वठली होती, सावली नव्हती, आणि पेरणी वेळेवर झाली.

पण स्वस्थता सहा महिनेच टिकली. ऑक्टोबर १७९० मध्ये अमेरिकी सैन्याच्या जनरल हार्मरची मोहीम मायामींच्या प्रदेशात मार खाऊन परतली. २ जानेवारी १७९१ रोजी मस्किंगमच्या वरच्या अंगाला बिग बॉटम इथल्या अर्धवट बांधलेल्या बुरूजघरावर डेलावेअर आणि वायंडॉट योद्ध्यांनी हल्ला केला. ओंडक्यांच्या फटी बुजवल्या नव्हत्या, खांबांचं कुंपण नव्हतं, पहारा नव्हता. आतली बहुतेक माणसं मारली गेली. त्यानंतर चार वर्षं सगळी वस्ती गढ्यांत कोंडली गेली. बेल्प्रेला नदीकाठी तेरा बुरूजघरांची फार्मर्स कॅसल नावाची गढी उभी राहिली आणि आपलं कुटुंब त्यातल्या एका खोलीत गेलं. शेती बंदुकीच्या पहाऱ्यात: काही जण खुरपणार, काही जण रानाच्या कडेला उभे राहणार. १७९१ मध्येच बेल्प्रेच्या माणसांनी दोन बोटींमध्ये पाणचक्की बसवून ती प्रवाहात नांगरली. गढीपासून दूर न जाता दळण होऊ लागलं.

नोव्हेंबर १७९१ मध्ये जनरल सेंट क्लेअरच्या अमेरिकी सैन्याचा दारुण पराभव झाला, सहाशेहून अधिक सैनिक मेले. ऑगस्ट १७९४ च्या फॉलन टिंबर्सच्या लढाईनं पारडं अमेरिकी सैन्याच्या बाजूला फिरलं आणि ऑगस्ट १७९५ मध्ये ग्रीनव्हिलचा तह झाला. शॉनी, डेलावेअर, वायंडॉट आणि मायामींना आजच्या ओहायोचा बहुतांश भाग सोडावा लागला. मॅरिएटाकडून पाहिलं तर ती शांतता होती. ज्यांची शेतं पिढ्यान्‌पिढ्या त्या नदीकाठांवर होती त्यांच्यासाठी ते विस्थापन होतं. या प्रकरणाचा हिशेब दोन्ही बाजूंनीच मांडावा लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

पेरणीबद्दल वर आलंच आहे. बापलेकांनी १७८८ च्या शरदात येऊन हिवाळ्यात दोन एकरांवरची साल काढली असती आणि बाकीचे वसंतात आले असते, तर तेवढ्या दोन एकरांनी सात तोंडं जगली असती. वेळेवर पेरलेल्या दोन एकरांचे ५० बुशेल हे उशिराच्या चार एकरांतून अखेर हाती राहिलेल्या २५ हून जास्त भरतात.

नदीच्या वेळापत्रकाचं दुर्लक्ष अधिक महागात पडलं. पीठ आणायचं ते पिट्सबर्गहून, आणि ते मॅरिएटापासून नदीमार्गानं १७२ मैल वर. खाली यायला चार-सहा दिवस, पण बांबूसारख्या लांब काठ्यांनी बोट रेटत वर जायला, दिवसाला दहा-पंधरा मैलांच्या वेगानं, बारा ते सतरा दिवस. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरतं आणि भरलेली बोट रेतीवर बसते. कडक हिवाळ्यात बर्फ नदी अडवतो. म्हणजे पीठ आणण्याच्या खिडक्या दोनच: पावसानं पाणी चढल्यावर शरदाच्या उत्तरार्धात, आणि बर्फ सुटल्यावर फेब्रुवारी ते एप्रिल. दव पडलं त्याच आठवड्यात कणसं पिळून पाहिली असती तर तूट ऑक्टोबरातच कळली असती. पाच-सहा घरांनी मिळून एक बोट पाठवली असती, रोख्यातला किंवा जमिनीतला एखादा हिस्सा गहाण टाकून. पिठाचं एक पिंप १९६ पौंडांचं, म्हणजे ८९ किलो. घरटी सात पिंपांनी तूट भरते. मेमध्ये कळली तेव्हा प्रत्येक बोटवाल्यालाही ती कळली होती.

आता दव पडल्यानंतरचे चार-पाच दिवस. दुधातलं आणि चिकातलं कणीस वाया गेलं असं धरून चालण्याची गरज नव्हती. डेलावेअर आणि शॉनी बायका दर वर्षी हिरवा मका मुद्दाम काढून टिकवत. कणसं सालपटासकट निखाऱ्यावर भाजायची किंवा उकळायची, दाणे शिंपल्यानं किंवा सुरीनं बुरखुंड्यावरून खरवडायचे, सालीच्या पट्टीवर किंवा चटईवर पसरून उन्हात आणि आगीच्या उबेत वाळवायचे. दाणा काचेसारखा कडक झाला की तो वर्षभर राहतो आणि रश्श्यात टाकला की फुगतो. शंभर किलो हिरव्या दाण्यांचे वाळून पंचवीस-अठ्ठावीस किलो होतात. ऑक्टोबरचं ऊन कमजोर असतं, पण सरपणाला तोटा नव्हता, सगळं शेतच वठलेल्या लाकडाचं होतं. लागणार होते ते हात आणि घाई, कारण गोठलेलं हिरवं कणीस आठवड्याच्या आत आंबतं. आई, थोरला मुलगा आणि दोन कळती मुलं यांनी पाच दिवस हेच केलं असतं, तर कुजलेल्या २५ बुशेलांतले आठ-दहा तरी वाचले असते. मे आणि जूनचं धान्य.

ही रीत मस्किंगमच्या वरच्या गावांतल्या कोणत्याही बाईनं एका सकाळी दाखवली असती. फोर्ट हार्मरच्या तहासाठी डेलावेअर आणि वायंडॉट माणसं १७८८-८९ च्या हिवाळ्यात मॅरिएटासमोर तळ ठोकून होती. त्या बैठकांत सरहद्दीवर बोलणं झालं.

१७९२ मध्ये काँग्रेसनं सरहद्दीवर राहणाऱ्यांसाठी एक लाख एकर दिले, अठरा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला १०० एकर. आपल्या घरातला थोरला मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. कंपनीनं अटी घातल्या: २४ बाय १८ फुटांचं घर, दगडाचं किंवा विटांचं धुराडं, ५ एकर नांगरट, तीन वर्षांत ५० सफरचंदाची किंवा पेअरची आणि २० पीचची झाडं. शिवाय घराखाली दहा फूट लांबीरुंदीचं, सहा फूट खोल तळघर. अटींच्या यादीत साठवणीची जागा आता लेखी होती.